न लावलेली मिशरी

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते. मिशरी काय असते, हे नववीचं अर्धं वर्ष जाईपर्यंत मला माहीतच नव्हतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि बोटाने दातांवर घासत बसायचं, हे ज्ञान मला शाळेने दिलं. आणि दिलं ते दिलं, वर शाळेनेच माझ्यावर त्याचा आळ घेतला. शिकवणार पण हेच आणि बदनाम करणार पण हेच. वा रे वा!

माझं नाव मैत्री निमगडे. आम्ही चंद्रपूरकडचे. बाबांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासून आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहतो. शाळा मात्र लांब, शहरात. कारण बाबांना कुणीतरी सांगितलं की पोरीला चांगल्या शाळेत घाला. चांगली म्हणजे काय, तर जिथे पहिल्या दिवसापासून मला 'खडकीची' म्हणतात ती.

माझ्या वरच्या दातांत उजवीकडे एक फट आहे. तिथला दात मी पडून पाडलेला नाही, कुणी उपटलेलाही नाही. दुधाचा पडला आणि त्याच्या जागी जो यायचा तो आलाच नाही. म्हणून वर्गात मी 'खडकीची खिडकी'. याचा मला राग नाही, खरंच नाही. मी शाळेच्या कबड्डी संघात चढाई करते, आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणताना त्या फटीतून अशी काही शीळ निघते की समोरच्या पोरी आधी दचकतात आणि मग पाय धरायला धावतात. तोवर मी रेषेपलीकडे असते. म्हणजे खिडकीचा फायदाच आहे. बाकीच्या दातांवर तपकिरी चट्टे आहेत. गावाकडे माझ्या सगळ्या चुलत-मावस भावंडांच्या दातांवर ते आहेत. तिकडे त्याला कुणी डाग म्हणत नाही. दात असेच असतात, असं आम्हाला वाटायचं.

तर, शाळेत दात तपासायला दंत कॉलेजची पोरं-पोरी आली. चित्रकलेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. पद्धत अशी, की एकाने तोंडात बॅटरी मारून मोठ्याने सांगायचं आणि दुसऱ्याने कार्डावर लिहायचं. आमच्या रांगेत बघणारी एक ताई होती आणि लिहिणारा एक घामाघूम झालेला दादा. मी बसले, आ केलं. ताई म्हणाली, "मिसिंग, राइट इन्सायझर. स्टेन्स प्रेझेंट." दादाने खरडलं. ताई म्हणाली, "नेक्स्ट." झाली तपासणी. पण ती काय म्हणाली ते मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं होतं. पुढे ते ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, ती गोष्ट वेगळी.

त्याच दुपारी हॉलमध्ये तंबाखूवर व्याख्यान झालं. गुटखा, मावा, मिशरी, पडद्यावर सडलेले जबडे, पुढच्या रांगेतल्या दोघींना उलटी आल्यासारखं झालं. व्याख्यान ठेवलं होतं सुहासिनी मॅडमनी. त्या आमच्या वर्गशिक्षिका आणि शाळेच्या तंबाखूमुक्ती समितीच्या प्रमुख. शाळेच्या गेटवर 'तंबाखूमुक्त शाळा' असा बोर्ड लागायचा होता, त्यासाठी मोठे पाहुणे यायचे होते, आणि मॅडमच्या डोक्यात महिनाभर दुसरं काही नव्हतं. हे सांगते कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

मग काही दिवसांनी वर्गात कार्डं वाटली. सगळी इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात. काय गोंधळ झाला म्हणून सांगू! समाधानच्या कार्डावर 'ओरल हायजीन'पुढे 'पुअर' लिहिलेलं. तो उखडलाच. "ए, आम्ही पुअर? आमचा कोथरूडला थ्री बीएचके आहे!" सुदर्शनच्या कार्डावर 'फेअर'. तो बाकावर चढून नाचला, "बघा रे, डॉक्टरने लिहून दिलंय, फेअर! इथून पुढे मला काळ्या म्हणाल तर सर्टिफिकेट तोंडावर मारीन." माझी मैत्रीण निकिता आपलं कार्ड उलटसुलट करत म्हणाली, "कॅरीज चार. कॅरी म्हणजे हातचा ना गं? मग माझे चार हातचे कुणी घेतले?" मागून कुणीतरी ओरडलं, "माझ्या दातात कॅल्क्युलस आहे! ते तर अकरावीला असतं ना?"

मी पण हसत होते, खोटं कशाला बोलू. मॅडम टेबलाशी बसून बोर्डाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेचं प्रूफ वाचत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आवाज कमी. पालकांची सही आणा." संपलं. पोरांच्या दातांत कीड आहे की हातचा आहे, हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

तेवढ्यात सुदर्शनने माझं कार्ड ओढलं. लिहिणाऱ्या त्या दादाने मिसिंगचं आखूड करून 'एम आय एस' लिहिलं होतं, राइट इन्सायझरचं, म्हणजे उजव्या पुढच्या दाताचं, 'आर आय'. मधे एक टिंब द्यायचं, तर ते बहुतेक त्याच्या पेनातच राहिलं. सुदर्शनने जोडून वाचलं. "मिस... री. मिसरी. आयला, मिशरी! ए, खिडकी मिशरी लावते!"

पुण्यात 'ध'चा 'मा' करायची जुनी परंपरा आहे, तेव्हा एका टिंबाचं काय घेऊन बसलात. वर्ग फुटला हसून. मी ओरडले, "मिसिंग आहे ते! दात मिसिंग आहे माझा!" पण माझं ऐकतंय कोण! एक जण बाकावर बोट घासून दात घासल्यासारखं करायला लागला, मग दुसरा, मग आख्खी रांग.

तेव्हा कुठे मॅडम उठल्या. त्यांनी कार्ड घेतलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता या सुदर्शनची चंपी करणार.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या.

मी उघडलं. सगळ्या वर्गासमोर. त्यांनी चष्मा वर करून माझे दात पाहिले आणि नुसतं "हं" म्हणाल्या. ते "हं" मला अजून ऐकू येतं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मैत्री, खरं सांगितलंस तर मी रागावणार नाही. घरी कुणी लावतं का? तुमच्याकडे असतं हे, मला कल्पना आहे."

'तुमच्याकडे' म्हणजे नेमकं कुणाकडे, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं. मी फटकन बोलून गेले, "मॅडम, आमच्याकडे मिशरी लावतच नाहीत. चंद्रपूरला तंबाखू-सुपारी घोटून खर्रा करतात, तो खातात. मिशरी तुमच्या इकडे असते!"

अरे देवा. एवढं खरं बोलायची काही गरज होती का? वर्ग पुन्हा हसला, मॅडम लाल झाल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे खर्राही माहीत आहे तर!" आता बोला. चंद्रपूरच्या माणसाला खर्रा माहीत असणं हा गुन्हा असेल तर पुण्याच्या माणसाला बाकरवडी माहीत असणं पण गुन्हा धरा. आणि बदनाम करायचंच असेल तर निदान ज्या त्या जिल्ह्याचं व्यसन तरी नीट बघून लावा ना!

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. माझी आई, पूर्णिमा निमगडे, घरात तिचा आवाज शेजारच्या दोन क्वार्टरपर्यंत जातो. ती शाळेच्या ऑफिसच्या दाराशी चप्पल काढायला लागली. मी तिचा दंड धरला, म्हटलं, "आई, चप्पल राहू दे." ती आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसली. मॅडमनी आवाजात साखर घातली होती. "अहो, आपण काळजी करू नका. वयच असं असतं. दातांवर परिणाम दिसतोच आहे, कार्डावर डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय. फक्त घरी लक्ष ठेवा." आई प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणत होती. मी मधे बोलायला गेले तर तिने माझ्या गुडघ्यावर हात दाबला. माझा संताप संताप झाला. मॅडमवर होता त्याच्या दुप्पट आईवर.

 घरी आल्यावर आईने दार लावलं आणि म्हणाली, "मैत्री, तोंड उघड."

मला आधी कळलंच नाही. मी उघडलं. तिने माझी हनुवटी धरली, नाक जवळ आणलं आणि हुंगलं. माझ्या आईने माझं तोंड हुंगलं! मग माझं दप्तर उलटं केलं, कंपासपेटी उघडून तिचा वास घेतला. त्यात खोडरबर होतं. खोडरबराचाच वास येणार.

सगळं झाल्यावर तिने विचारलं, "मिशरी म्हंजे काय असते, बाई?"

म्हणजे हिला माहीतच नाही! कशाचा वास शोधतेय ते माहीत नाही आणि माझं तोंड हुंगून मोकळी झाली! मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. दर रविवारी विहारात मी तिच्या शेजारी बसून पंचशील म्हणते. पाचवं शील काय आहे? नशेच्या वस्तूंपासून दूर राहीन. मला नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासून म्हणते मी ते. आणि एका चष्मेवाल्या बाईने साखरेच्या आवाजात काहीतरी सांगितलं, की माझं सगळं शील गेलं पाण्यात.

"काहून चिल्लावतेस?" आई म्हणाली. "त्या शिकल्या-सवरल्या मॅडम. त्या कायले खोटं बोलतील?"

"मग मी बोलतेय का खोटं?"

ती उठली आणि भाजी चिरायला गेली. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि तिनेही मला दुसऱ्यांदा विचारलं नाही.

निकिता माझ्यापेक्षा शहाणी. ती म्हणाली, "रडत काय बसलीस? कार्डावर कॉलेजच्या दवाखान्याचा पत्ता आहे. जाऊन विचारू ज्याने लिहिलं त्यालाच. मला पण माझे चार हातचे बघायचेत." शाळा सुटल्यावर आम्ही दोघी सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात गेलो. दोन जिने चढून वर गेलो तर तोच घामाघूम दादा तिथे एका आजोबांची कवळी हातात घेऊन उभा होता. डॉक्टर अनिरुद्ध असं त्याच्या खिशावर लिहिलेलं.

मी कार्ड त्याच्या पुढ्यात आपटलं. "हे काय लिहिलंय, वाचा."

"मिसिंग, राइट इन्सायझर," त्याने सरळ वाचलं. "का, काय झालं?"

"माझ्या शाळेत हे मिशरी वाचलंय."

तो आधी हसला. अगदी मोकळं हसला. मग माझं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. कवळी बाजूला ठेवून त्याने मला खुर्चीत बसवलं, पुन्हा सगळं नीट तपासलं. म्हणाला, तो दात मुळातच तयार झालेला नाही, काही जणांचा नसतो. आणि चट्टे पाण्यामुळे. तुमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं, लहानपणी ते पोटात गेलं की दात असे येतात, घासून जाणार नाहीत. तंबाखूचा काही संबंध नाही. "सॉरी," तो म्हणाला. "दिवसभरात इतकी कार्डं असतात, आम्ही आखूड लिहितो." मी म्हटलं, "दादा, तुमचं आखूड माझ्या अंगावर लांब झालं." त्याने हे सगळं कागदावर मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, खाली शिक्का मारला. निकितालाही कळलं की कॅरीज म्हणजे कीड. "चार किडी!" म्हणून ती जिना उतरेपर्यंत तोंड धरून चालत होती.

मी मात्र उड्या मारत होते. मला वाटलं, सुटले. एवढी मी बावळट.

सकाळी शाळा भरायच्या आधी मी कागद मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "बरं झालं. मलाही जरा शंका होतीच."

शंका होती! शंका होती तर माझ्या आईला कशाला बोलावलंत? मी विचारणार होते, पण त्या पुढे बोलायला लागल्या होत्या. "हे बघ, मैत्री, शनिवारी कार्यक्रम आहे. पाहुणे येतायत. व्यसन सोडणारी विद्यार्थिनी मंचावर शपथ घेणार, असं पत्रिकेत छापून झालंय. तुझं नाव आहे त्यात. आता ऐन वेळी मी दुसरं कुणाला आणू?"

"पण मला व्यसन नाहीये, मॅडम. आत्ता वाचलंत ना तुम्ही!"

"हो गं. पण हे प्रतीकात्मक असतं. तू एकटी थोडीच आहेस, तू सगळ्या मुलांच्या वतीने घेतेयस. दोन ओळी वाचायच्या. तुझं काय जातंय?"

तुझं काय जातंय. हे वाक्य ज्याने शोधलं ना, त्याचे दात घशात घालावेसे वाटतात मला. आणि खरा गुटखा खाणारी पोरं शाळेत नाहीत की काय? स्वच्छतागृहामागच्या भिंतीवर रोज पिचकाऱ्यांची ताजी रांगोळी असते, ती काय गांडुळं काढतात? पण त्यांचे दात अजून पांढरे आहेत, कार्डावर 'फेअर' आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी नाव घेतलं नाही कुणाचं. माझ्यावर आळ आला म्हणून मी दुसऱ्यावर ढकलायचा, हे मला जमणार नव्हतं.

मी म्हटलं, "मी नाही घेणार शपथ."

मॅडमनी कागद माझ्या हातात परत दिला. मधल्या सुट्टीत कबड्डीच्या संपत सरांनी मला मैदानावर बोलावलं. ते गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत होते, माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "निमगडे, घेऊन टाक ना शपथ. पुढच्या आठवड्यात झोनच्या मॅचेस आहेत. तुझं प्रकरण असं अर्धवट राहिलं तर संघात तुला ठेवता येणार नाही. समितीचं म्हणणं आहे, व्यसनाचा ठपका असलेली मुलं नकोत."

"पण सर, ठपका खोटा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"ते मला कळतंय गं," सर म्हणाले. "पण शपथ घेतलीस की विषय संपला. नाही घेतलीस तर विषय राहतो."

काय तर्क आहे बघा. शपथ घेतली तर मी व्यसनी होते असं ठरणार, पण खेळायला मिळणार. नाही घेतली तर मी व्यसनी नव्हते, पण घरी बसणार. आणि संघात मी राखीव नाही हो, मी पहिल्या सातात आहे. पाचवीपासून त्या मातीत गुडघे सोलून घेतलेत. झोनला खेळले तर पुढे जिल्ह्याला नाव जातं. बाबा रात्रपाळी बदलून घेणार होते मॅच बघायला. मला हे सगळं नको होतं असं कसं म्हणू? मला ते हवंच होतं.

घरी आईला डॉक्टरांचा कागद दिला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि देव्हाऱ्यात ठेवतात तसा बुद्धांच्या फोटोपाशी नेऊन ठेवला. 'माझं चुकलं' म्हणाली नाही. मला ते ऐकायचं होतं. ती नुसती म्हणाली, "आता काय करतेस?"

"घेते शपथ," मी म्हटलं. "दोन ओळी तर आहेत. माझं काय जातंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुले बरं वाटते तसं कर. मी येते शनिवारी."

शनिवारी हॉल गच्च भरला होता. मंचावर फुगे, मागे मोठ्ठा फलक, त्यावर लाल फुली मारलेली सिगारेट. संघातल्या पोरी जर्सी घालून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, मी पण जर्सीतच होते. संपत सरांनी सांगितलं होतं तसं. फोटोत बरं दिसतं म्हणे. आई तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या साडीत, विहारात जायची ती साडी. पाहुणे लांबलचक बोलले. मग मॅडम माईकवर आल्या आणि म्हणाल्या, "आता आपली एक धाडसी विद्यार्थिनी, जिने मोठ्या निर्धाराने आपल्या व्यसनावर मात केली आहे..."

धाडसी म्हणे! मी दात-ओठ खात मंचावर गेले. हातात त्यांनी लिहून दिलेला कागद. माईक जरा उंच होता, तो मीच खाली ओढला. वाचायला लागले, "मी, मैत्री पूर्णिमा निमगडे, आजपासून..."

पुढे लिहिलं होतं, 'मिशरीचे व्यसन सोडत आहे.' एवढंच. चार शब्द. समोर पोरी जर्सीत. मी तोंड उघडलं आणि खरं सांगते, मला आईचं नाक दिसलं. माझ्या हनुवटीवर तिची बोटं. हे चार शब्द मी म्हटले की तिने हुंगलं ते बरोबर ठरणार होतं. मॅडमचं "हं" बरोबर ठरणार होतं, 'तुमच्याकडे' बरोबर ठरणार होतं. आणि ते मीच ठरवून देणार होते, माईकवर, माझ्या तोंडाने.

बाजूने मॅडम कुजबुजल्या, "सोडत आहे. म्हण, सोडत आहे."

"हो, सोडतेय," मी माईकमध्ये म्हटलं. "पण मिशरी नाही. मिशरी मी कधी लावलीच नाही. कार्डावर मिसिंग लिहिलं होतं, तुम्ही मिशरी वाचलं. डॉक्टरांनी लिहून दिलं तरी तुम्हाला शपथ हवीच आहे. तर घ्या. जे माझ्याकडे नाही ते मी कसं सोडू? माझ्याकडे कबड्डी आहे. मी मैत्री निमगडे, आजपासून शाळेचा कबड्डी संघ सोडत आहे."

फटीतून शीळ वाजली प्रत्येक 'स'ला. माईकवर चांगली ऐकू गेली असेल.

मला वाटलं, आता भूकंप होणार.  आणि मग मॅडमनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मोठ्याने, हात डोक्यापर्यंत नेऊन. बघता बघता आख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मागे बसलेल्यांना 'सोडत आहे' एवढंच कळलं होतं, आणि कार्यक्रमात तेवढंच कळायला हवं होतं. पाहुणे उठून आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास, बाळ. आता पुन्हा हात लावायचा नाही हं." फोटोवाल्याने फोटो काढला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

फक्त दुसऱ्या रांगेतल्या पोरी वाजवत नव्हत्या. निकिता सगळ्यांत मागे बाकावर उभी राहून काहीतरी ओरडत होती, ते टाळ्यांत ऐकू आलं नाही. संपत सर शिट्टीकडे बघत होते. मी जर्सी तिथेच काढून दिली असती, पण आत नीटसं काही घातलं नव्हतं. असल्या वेळी पण मेलं हे बघावं लागतं.

मी खाली उतरले तर आई मंचाच्या पायरीशी उभी होती. मला वाटलं, मला घ्यायला आली. ती माझ्या बाजूने सरळ पुढे गेली, मॅडमच्या समोर. त्या दिवशी ऑफिसच्या दाराशी चप्पल काढत होती ना, आज ती चपला घालून मंचावर चढली.

मॅडम हसून म्हणाल्या, "अहो ताई, आपण बसा ना. चहा घेऊनच जा. मुलगी छान बोलली हं तुमची."

"मॅडम," आई म्हणाली. मोठ्याने नाही, पण माईक अजून चालू होता. "मी हिचं तोंड हुंगलं. माह्या पोरीचं. तुम्ही सांगतलं म्हणून हुंगलं. माह्या मनातून ते जाऊन नाही राहिलं. तुमच्यापाशी सगळं सोडाच्या शपथा आहेत ना? तर ते कसं सोडाचं, तेवढी एक शपथ मले लिहून द्या."

आता मात्र मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मॅडमच्या हातात पेन होतं. त्यांनी त्याचं टोपण लावलं आणि ते पर्समध्ये ठेवलं.